वळणावरचा फलाट

३ फेब्रुवारी
आज ह्यांच्या खेळण्यातल्या रेल्वेच्या खोलीचं दार उघडलं. धूळच धूळ! टेबलभर रूळ, बोगदा, पूल, डोंगर — सगळं ह्यांनी हातानं केलेलं. फक्त स्टेशन नाही. "करू सावकाश," म्हणायचे, आणि गाडी आपली गोल गोल फिरायची. मग आजारपण आलं. आता न्हाणीपर्यंत माझ्या खांद्याला धरून जातात, बाकी सारा दिवस भिंतीकडे तोंड. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणते, "काकू, पायांत ताकद आलीय. काकांना उठायचंच नाहीये."

स्टेशन मीच करणार. बघू उठतात का!

४ फेब्रुवारी
पुठ्ठा शिवणाच्या कात्रीनं कापला. शिवणक्लासातल्या मुलींना याच गोष्टीसाठी फाडून खायचे मी.

७ फेब्रुवारी
भिंती उभ्या राहिल्या. खिडक्या कापता कापता दुपार कुठे गेली कळलंच नाही. तिकीटखिडकीतून एक डोळा लावून आत पाहिलं. पलीकडून ऊन आलं होतं. वाटलं, आतला माणूस आत्ताच उठून चहा प्यायला गेलाय, येईल इतक्यात. कुठलं तिकीट मागू? बराच वेळ तशीच ओणवी उभी. काही ठरेना.

ह्यांना सांगितलं. "हं." एवढंच. राग आला.

११ फेब्रुवारी
फळीच्या तुकड्याचा फलाट केला. वळणावर बसवला, डोंगराच्या सावलीत. जागा छान आहे, म्हणून! ह्यांनाही जाऊन सांगितलं, पण तोंड भिंतीकडेच. इंजिन फिरवून पाहिलं, कुठे अडलं नाही. काड्यांचा एक बाकही केला. डोळे बारीक केले की फलाट लांबच लांब होतो. हवा गार लागते. मी त्या बाकावर बसलेय, मांडीवर पिशवी, आणि गाडीला उशीर आहे तरी मला घाई नाही. कुकरच्या शिट्टीनं परत आणलं.

१५ फेब्रुवारी
आज पहिल्यांदा मागे डबे जोडून गाडी सोडली. खर्रर्र! वळणावर लांब डब्याचं पोट बाहेर येतं, ते फलाटाला घासलं. मला मेलीला काय माहीत! मापं सगळी आखूड इंजिनाची घेतलेली.

आणि पलीकडच्या खोलीतून — "अगं, घासतोय डबा! वळणावर कोणी स्टेशन बांधतं का?"

केवढं मोठं वाक्य! कितीतरी दिवसांनी.

"काय करू मग?"

"फलाटाची कड तास! आधी गाडी थांबव!"

नाही थांबवली. पदर तोंडावर धरून रडले.

१६ फेब्रुवारी
कड तासली नाही. दुपारी पुन्हा गाडी. खर्रर्र. "रंग जाईल ना डब्यांचा!"

"मला नाही जमत तासायला!" मी ओरडले. धडधडीत खोटं.

डोकावून पाहिलं. पाय खाली सोडून बसले होते.

१७ फेब्रुवारी
आजही गाडी सोडली. "बहिरी झालीस का?" मग चिडून पुन्हा आडवे.

लेकीला फोनवर सांगितलं. "आई, छळतेस तू बाबांना!" छळतेय खरी. निळ्या डब्याची कड पार खरवडली गेली. किती हौसेनं रंगवला होता त्यांनी. बोट फिरवलं तर रंगाचा भुगा बोटाला लागला. उठायचे असते तर एव्हाना उठले नसते का? माझाच खुळेपणा. उद्या पॉलिशपेपर आणते आणि टाकते घासून. मग गाडी मुकाट फिरेल, आणि हेही मुकाट पडून राहतील.

१८ फेब्रुवारी
पॉलिशपेपर घेऊन आले, तर पलंग रिकामा! न्हाणीत पाहिलं, तिथेही नाहीत. गाडीचा आवाज येत होता, पण घासण्याचा नाही. फलाटाची कड तासलेली, टेबलावर भुसा, आणि हे स्टुलावर, हातात कानस. मागे न बघताच म्हणाले, "उभी काय राहिलीस? धर इकडून, छप्पर बसवायचंय."