कोऱ्या पानाचे दोन अध्यक्ष

प्रिय बगळ्या,

सप्रेम नमस्कार. वर्गात चाळीस पाट्यांवर चाळीस पेन्सिली एकदम करकरल्या की अंगावर जो काटा यायचा, तो आज पुन्हा आला (रस्त्यात कुणीतरी पत्रा ओढत होते) आणि तुझी आठवण झाली. गुडघा कसा आहे? वहिनींना नमस्कार. (त्यांनी अजून तुला घराबाहेर काढले नाही, यातच त्यांचा मोठेपणा.)

सूनबाई संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते, हे तुला ठाऊकच आहे. गेल्या महिन्यात भाजी निवडता निवडता तिने मला सिंगलटन नावाची युक्ती समजावली. "बाबा, क्लास म्हणजे साचा. त्यातून हव्या तेवढ्या वस्तू काढता येतात. पण एखादी वस्तू सबंध प्रोग्रॅममध्ये एकच हवी असते. मग कुणी मागितली की आधी बघायचं. असली तर तीच द्यायची, नसली तरच बनवायची." मी हरखलो. साऱ्या जगाला मिळून एकच चंद्र! चौथीतल्या चंद्राच्या सगळ्या कविता आठवल्या. (भाजीची पाने केरात आणि देठ पातेल्यात गेले, ते निराळे.)

आमच्या वाचनालयाच्या कवितापठणाला गेल्या वर्षी अध्यक्ष तीन आले आणि खुर्ची एक. म्हणून यंदा चिटणीस या नात्याने मी सिंगलटन आणला. टेबलावर वही ठेवली. आधी वही बघायची. नाव असेल तर तोच अध्यक्ष, नसेल तर बोलवा आणि नाव लिहा. दोन आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी पान कोरे होते. मी घरी येऊन तुला आमंत्रण धाडले. (वाटेत एका ढगात अर्धा तास गेला.) नाव लिहायला परततो, तर वहीत आमच्या दंतवैद्यांचे नाव! माझ्या मागोमाग सहचिटणीस शिंपीबुवांनीही तेच कोरे पान बघितले होते आणि त्यांना बोलावून नाव लिहून टाकले होते.

"नियम तुमचाच की हो," शिंपीबुवा म्हणाले. सूनबाई तर हसून हसून खाली बसली. "बाबा, कुलूप विसरलात! एकाचं बघून-बनवून होईपर्यंत दुसऱ्याला आत सोडायचं नसतं." हे आधी सांगायला काय झाले होते? (सांगितले होते म्हणे. मी तेव्हा चंद्रावर होतो.)

बाकी क्षेम.

तुझा बाकावरचा शेजारी

ता. क. यंदा येऊ नकोस. गुडघा दुखतो म्हणून कळव. तू लिहिलेस त्याप्रमाणे नवा कोट शिवलास, भाषण पाठ केलेस, सत्तर वर्षांत पहिल्यांदा कुणी तुला अध्यक्ष म्हटले, सारे मान्य. पण माझी कवळी दुरुस्तीला दंतवैद्यांकडे आहे, आणि ती हाती पडेपर्यंत त्यांना दुखवायची माझी छाती नाही.

ता. ता. क. पाकीट चिकटवत होतो, तोच बेल वाजली. दारात तू, कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी, नव्या कोटात! आता आत सूनबाईला भाषण म्हणून दाखवतो आहेस. वरचा ता. क. रद्द समज, कविता मी बोळक्या तोंडानेच म्हणेन. हे पत्र पोस्टात टाकू की तुझ्या कोटाच्या खिशात, तेवढे उलट टपाली कळव.