आमटीवरची शेव

सोम. ३ फेब्रु.
चिमूटभर शेवेचा आजचा हिशोब. शेव पाच रुपयांची. गेलं काय? खिडकीची खुर्ची, दुसऱ्या वाटीची आमटी आणि नानांच्या हातचं सढळ तूप.
पुडी फोडताना आवाज झाला. रोज कोणी ना कोणी बोलत असतं, आज नेमकी वीज गेलेली आणि पंगत गप्प. उषावहिनी पळी घेऊनच बाहेर आल्या. "माझ्या आमटीत काय कमी पडलं, सांगा." म्हटलं, काही नाही हो वहिनी, जरा कुरकुरीत... "कुरकुरीत हवं तर सराफ्यातल्या खाऊगल्लीत जा."
साताऱ्याहून सून होऊन आल्या, घराच्या पुढच्या खोलीत खानावळ घातली, अर्ध्या अन्नपूर्णा रोडला जेवू घालतात, बाहेर पाटीसुद्धा नाही. आमटी अशी की बोटं चाटावी. पण शेव त्यांच्या लेखी दिवाळीच्या डब्यातली. पानात ओतली की थेट अपमान. इंदुरात राहून!
एवढे दिवस निभावलं होतं. पुडी मांडीवर, चिमूट आमटीत, रिकाम्या पुडीची चौकोनी घडी (दुकानात मोटारीच्या वाइंडिंगला कागद घालतो तशी) खिडकीच्या वरच्या फटीत. सफाईचं काम. आजची पुडी मात्र वहिनींनी जप्त केली.

मंगळ. ४
पान मिळालं. बेसिनजवळ, भिंतीकडे तोंड. जो हात धुतो तो माझ्यावर शिंपडतो.
नाना (वहिनींचे यजमान, वाढायला तेच) पोळी वाढताना कानाशी, "भिया, तू पण ना! गुपचूप खायची. मी इतके साल मागच्या ओट्यावर जाऊन खातोय, बोललो कधी?"
आतून, "नाना, तिथे काय कुजबुज चाललीय?"
"काही नाही गं, मीठ विचारत होतो."

गुरु. ६
सौ.चा बंगलोरहून फोन. मुलगी आणि नात, दोघींना घेऊन शनिवारी रात्री पोचते. "रविवारी घरी चूल नको. तुमच्या त्या वहिनींकडेच जाऊ. तुमच्यावाचून पंगत बसत नाही ना तिथे? खिडकीची खुर्ची तुमच्या नावाची ना?"
असं मी बोललो होतो खरं. दिवाळीपासून दर फोनवर बोललोय. ती लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, इकडे मी उपाशी नाही हे पटवायला जरा रंगवून सांगावंच लागतं.
दुपारी वहिनींना म्हटलं, रविवारी तीन पानं हवीत, खिडकीपाशी. सौ. येतेय, नात पहिल्यांदा येतेय.
"रविवारची पानं भरली."
"वहिनी, फोन तर दहाच्या आत करायचा असतो, रविवारच्या रविवारी. आजच कशी भरली?"
"तुमच्यासाठी भरली."
सौ.ला अजून कळवलेलं नाही. तिचं हसणं ऐकण्यापेक्षा...

शुक्र. ७
बेसिनजवळ बसण्याचा एक फायदा. तिथून खिडकीच्या वरचा एक्झॉस्ट पंखा नीट ऐकू येतो. महिनाभर खडखडतोय. रोज त्याच्याच खाली बसायचो, पण तेव्हा तोंडात शेव.
घास थांबवून ऐकलं. खड्, खड्, मग जरा घसटल्यासारखं. जाहीर केलं, "बेअरिंग गेलंय."
वहिनी, "न उघडताच?"
"उघडायचं कशाला? मिलच्या फिटरचा पोरगा आहे मी. कापडाच्या साच्यांच्या आवाजात वाढलो. मोटार बोलते, मी ऐकतो. बेअरिंग नसेल तर दुकानाची पाटी उतरवीन."
शेजारच्या पानावरचे बँकवाले म्हणाले, "लिहून द्या." हसले सगळे. हसू देत. या कानांवर दुकान उभं केलंय, घर बांधलंय.
वहिनींनी पळी खाली ठेवली. "गप्प होईल तो?"
"उद्या येतो. नवं बेअरिंग घालून देतो. पैसे नकोत."
"मला त्या आवाजात कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. गप्प झाला तर रविवारचं बघू."
बघू म्हणाल्या. सोमवारपासूनचा पहिला मऊ शब्द.

शनि. ८
पंगत उठल्यावर गेलो. नवं बेअरिंग, ग्रीस, पाने, सगळा सरंजाम. स्टुलावर चढलो. नानांनी स्टूल धरलं, वहिनी दारात उभ्या.
जाळी काढली. आत पात्यांना अडकून पुड्या. शेवेच्या. चौकोनी घडीच्या.
खिडकीची फट आणि पंख्याची चौकट आतून एकच आहे, हे आज कळलं.
पाठ दाराकडे होती, ते बरं. पुड्या मुठीत, मूठ खिशात. नानांनी खालून पाहिलं आणि एकदम छताचं निरीक्षण सुरू केलं.
"काय निघालं हो?" वहिनी.
"आधी चालू तर करा."
चालू केला. हूं नाही की चूं नाही. आतल्या कुकरची शिट्टी इथवर आली. वहिनींचा चेहरा उजळला. पण बाई पक्की. "छान झालं. आता काय निघालं ते सांगा, मग रविवारचं बोलू."
म्हटलं, उद्या दहाच्या आत फोन करतो, तेव्हा सांगतो. नाना खोकले.
सौ.ची गाडी तासाभरात येईल. स्टेशनवर निघायचंय. नवं बेअरिंग खोक्यासकट कपाटात परत ठेवलं.
जुनं ठणठणीत होतं.