गुडघ्यामागची बोटं

२ जून
पोचलो एकदाच्या. तळमजला, कुठे उंबरठा नाही, न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडे. ताईने सगळं आधीच करून घेतलंय. स्नायूंच्या आजाराने माझे पाय वर्षावर्षाला दुबळे होत चाललेत. जुन्या घरी जिना चढताना रोज जीव मुठीत धरायचे. खुर्चीतून उठायला ताईचा हात लागतो, पण एकदा उभी राहिले की चालते. इथे काठी टेकत सगळ्या खोल्या पाहून आले, वर दोघींचा चहाही केला. ताई म्हणाली, आता रोज हाच चहा पाहिजे, सुटका नाही.

५ जून
पडले. स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात. माझ्या पडण्याचं नवल नाही. पण एरवी गुडघा आधी लटपटतो, तेवढ्यात कशाला तरी धरता येतं. आज लटपटलाच नाही. कुणीतरी गुडघ्यामागे बोटं घालून अलगद ओढल्यासारखं झालं. मला उठवता उठवता ताईला घाम फुटला. फरशी ओली असेल, म्हणाली. फरशी कोरडी होती.

९ जून
पुन्हा तिथेच. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना सांगितलं. स्नायूने अचानक दगा दिला की असंच वाटतं, म्हणाल्या, आणि धास्तीनेही माणूस पडतो. पटलं. मग त्यांना गुडघ्यामागचे वळ दिसले. ताईने उचलताना उमटले असतील, म्हणाल्या. ताईने तर मला काखेत हात घालून उचललं होतं.

११ जून
बोळात पाऊल टाकत नाही. ताई जेवण खोलीत आणते. दोघींची चिडचिड. घर बदलू या म्हटलं, तर म्हणाली, तुझ्या पायांना कुठलंही घर सारखंच. बोलून गेली आणि मग स्वतःच रडत बसली.

१२ जून
आज खोलीत. पलंगापाशीच. म्हणजे बोळाचा काही संबंध नाही. मी जाईन तिथे —

१४ जून, दुपार
ताई पडली. धडधाकट ताई. ताट घेऊन येत होती. दारात पालथी पडलीय, डोक्याखाली रक्त. पाठ हलतेय, श्वास आहे. फोन तिच्याच खिशात. ओरडून ओरडून घसा बसला, कुणी येत नाही. आणि मी खुर्चीत. हाताला धरून कुणी उठवल्याशिवाय मला उठता —

मागून कोपराखाली हात आला. गार. ताई तर समोर —

उचलतोय. सावकाश, जपून. नको म्हणतेय. आता कळलं, उभं केल्याशिवाय पाडता