तेल निवेपर्यंत

मानोरा, जि. अकोला
१० फेब्रुवारी १९५७

प्रिय मोहनसिंग,

तुमचा भाऊ हरिसिंग सोमवारी दवाखान्यात आला होता. हिरीबाई आणि मुलगीही बरोबर होत्या. मुलीला देवी टोचून झाल्यावर हिरीबाई बाहेर गेली, पण हरिसिंग टेबलाजवळ उभाच राहिला. मग म्हणाला, "बाई, मोहनले एक कागद लिहा. दिग्रसच्या अंगाच्या तांड्यातली पोरगी पाहून ठेवली आमी. निरोपावर निरोप धाडून राह्यलो, पन थो काही बोलतच नाही. तुमचं आयकते थो. हो म्हन, असं लिहा." मी लिहीन म्हटलं. मुलीचं नाव सुंदरबाई, घर चांगलं आहे, आणि होळीला सगळा तांडा गावी असतो म्हणून त्याआधी तुमचं उत्तर हवं आहे. एवढं कळवलं की खरं तर माझं काम संपतं. पण कागद बराच उरला आहे, आणि जीपबद्दलही तुम्हाला सांगायला हवं.

जीप चांगली आहे. गेल्या आठवड्यात पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या दोन्ही लोखंडी गोळ्यांचं तेल मी समोर उभी राहून काढायला लावलं. काळं होतं, पण निव्वळ तेल, पाण्याचा अंश नाही. नवा ड्रायव्हर लखीराम याने बोटावर घेऊन वास पाहिला आणि मान हलवली. माणूस चांगला आहे. गाडी चालवताना सारखा बोलतो, बहुतेक बैलगाडीवाल्यांशी, त्यांना ऐकू जात नसलं तरी. अरुणावतीच्या उतारावर तो थांबत नाही. गिअर बदलतो आणि सरळ पाण्यात घालतो. काठावरच्या करंजाच्या झाडाकडे तो पाहतही नाही. पाहायचं त्याला काही कारण नाही.

तुम्ही थांबायचात. पहिल्या दिवशी मला ते मुळीच पटलं नव्हतं. नागपूरला दाईचं रीतसर शिक्षण घेऊन मी नुकती रुजू झाले होते, पलीकडे तांड्यावर बायका वाट पाहत होत्या, आणि ड्रायव्हर नदीकाठी इंजिन बंद करून खाली उतरला. कारण विचारलं तर तुम्ही म्हणालात, "गोळा तापला हाय, बाई. तापली गाडी गार पान्यात घातली का पानी पिते." मला वाटलं, बिडी ओढायची सबब. मग मी वाकून पाहिलं. गोळ्यावर एक बारीक टोपी होती, आतली हवा ये-जा करायला ठेवलेली, आणि ती पाण्याखाली जाणार होती. तेव्हा लक्षात आलं. तुमच्या तांड्यातली भुरीबाई दाई तुंबडी लावते, तसंच हे. तापलेली हवा निवली की आखडते आणि समोर असेल ते ओढून घेते. तिथे कातडी, इथे नदी. पाणी आत गेलं की तेलाचं ताक होतं आणि आतली चक्रं गंजतात. तुमचं बरोबर होतं, आणि मी तसं सांगितलंही, पण फारसं गोड तोंडाने नाही.

तेव्हापासून आपण त्या करंजाखाली तेल निवण्याची वाट पाहत बसायचो. बबनराव कंपाउंडर जीपमध्येच औषधांच्या पेटीवर डोकं टेकून घोरत असायचे. तुम्ही ब्रह्मदेशातल्या चिखलाबद्दल सांगायचात, पलटणीतल्या खेचरांची नावंसुद्धा. आमच्या वर्गातल्या सांगाड्याला आम्ही मुली मावशी म्हणायचो, हे मी तुमच्याखेरीज अजून कुणाला सांगितलेलं नाही. सीताफळ फोडून अर्धं माझ्याकडे करताना तुम्ही तोंड नदीकडे फिरवायचात. मग उठून गोळ्याला हात लावायचात आणि म्हणायचात, "गरमच हाय अजून." मीही लावून पाहायची, मुलाचा ताप पाहावा तसा, उलट्या हाताने. एकदा, पहिल्याच वर्षी दसऱ्याच्या सुमाराला, माझा हात आधी लागला. गोळा केव्हाच गार झाला होता. मी म्हटलं, थांबू या अजून थोडं.

गेल्या श्रावणात हिरीबाईचा निरोप आला, तेव्हा नदी फुगलेली होती. मूल आडवं आहे, असं भुरीबाईने कळवलं होतं. काठावर पोचलो तेव्हा जीप चटका बसेल इतकी तापली होती. मी तुमच्याकडे पाहिलं नाही. घर तुमचं होतं, आणि गाडीचा जबाबही तुम्हालाच द्यायचा होता. तुम्ही गाडी थांबवली नाहीत. बबनराव जागे होऊन ओरडले, "अरे, सरकारी गाडी हाय लेका!" तुम्ही म्हणालात, "गाडी दुसरी येईन, बबनराव. भावजय कोठून आनू?" मूल मला फिरवता आलं. दोघी वाचल्या. दुसऱ्या दिवशी मागच्या गोळ्यातून ताक निघालं, आणि वाशिमहून सामान येईपर्यंत जीप विटांवर उभी राहिली. वरून विचारणा झाली, तेव्हा तुम्ही दोनच शब्दांचं उत्तर दिलंत. घाई होती.

त्या दिवसांतच मी नळ्यांचं ठरवलं. टोपी काढायची, तिथे रबरी नळी जोडायची आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या खूप वर न्यायचं. पुढची नळी बॉनेटखाली उंच, मागची सीटमागून हुडाच्या कांबीपर्यंत. गोळ्याला ओढायचंच असेल, तर त्याने हवा ओढावी. नळी दवाखान्यातच होती, एनिमाची, जुनी, तांबडी. बबनराव हसून बेजार झाले. "आता गाडीले एनिमा देता काय बाई? जुलाब झाले तं धुईन कोन?" तुम्ही हसला नाहीत. हत्यारांच्या पेटीतून तुम्ही तेलकट फडक्यात गुंडाळलेल्या दोन पितळी तोट्या काढल्यात. एका बाजूला आटे पाडलेले, दुसरी बाजू नळीसाठी गुळगुळीत घासलेली. दोन्ही पहिल्या फेऱ्यातच बसल्या. हे कधी केलंत, मी विचारलं. "झालं असंन वरीसभर." मग बसवलं का नाही? तुम्ही तार पिळत होतात. वर न पाहता म्हणालात, "रबर कोठं होतं?" दवाखान्याच्या पेट्या रोज स्वतः गाडीत चढवणाऱ्या माणसाला रबर कुठे आहे ते माहीत असतं. मी पुढे विचारलं नाही. नळी इतकी ताणू नका, खड्ड्यात चाक खाली गेलं की उपटून येईल, एवढंच म्हटलं, आणि तुम्ही ढील दिलीत. नळ्यांची टोकं खाली वळवून मी त्यांवर गॉजची पट्टी बांधली. इतकं नीट झालेलं काम माझ्या आठवणीत फार थोडं आहे.

त्यानंतर पहिल्यांदा नदीवर आलो, तेव्हा तुम्ही गाडी हळू केलीत आणि माझ्याकडे पाहिलंत. मी चला म्हटलं. तेच बरोबर होतं. त्यानंतर कितीतरी बायकांपर्यंत आपण वेळेत पोचलो, आणि पुन्हा प्रसंग आला तर मी त्या नळ्या पुन्हा बसवीन. पण त्या दिवसापासून आपलं बोलणं संपलं. चालत्या जीपमध्ये ओरडून जे सांगता येतं तेवढंच उरलं, आणि मला ओरडून सांगण्यासारखं काही नव्हतं. दिवाळीनंतर तुमची हंगामी जागा संपली. तुम्ही लखीरामला नळ्या दाखवल्यात, मला नमस्कार केलात आणि खंडव्याकडे नव्या रेल्वे लाइनच्या कामावर गेलात. तुमचं एक कार्ड आलं. त्यात विचारलं होतंत, नळ्या बऱ्या आहेत का. बऱ्या आहेत.

हरिसिंगला मी लिहीन म्हटलं होतं. काय लिहीन, ते सांगितलं नव्हतं. मोहनसिंग, त्या मुलीला हो म्हणू नका. माझ्याशी लग्न कराल का, असं मी तुम्हाला विचारते आहे. काल अनसिंगला जाऊन वडिलांच्या कानावर घालून आले. ते ओसरीत तुरीचं बी निवडत होते. "तांड्यातला?" मी हो म्हटलं. "डायवर?" हो. बराच वेळ सूप पाखडल्यावर त्यांनी विचारलं, "त्याले तरी माहीत हाय का?" नाही म्हटल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं. "मंग पयले त्याले इचार ना माय! माह्याशी कायले भांडून राह्यली?" त्यांनी होकार दिलेला नाही, आई तर माझ्याशी बोलतच नाही, आणि तुमच्या तांड्यातही सगळं सोपं जाणार नाही, हे मला कळतं. अकोल्याला नोंदणीने लग्न होतं आणि त्यासाठी महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते, ही चौकशी मी केली आहे. दाईचं काम मी सोडणार नाही. तुमचं मन त्या मुलीकडे असेल, तर तसंही स्पष्ट लिहा. तो निरोप मी स्वतः तांड्यावर नेईन आणि एकही शब्द न बदलता हरिसिंगला सांगेन. पण तसं उत्तर येऊ नये असं मला वाटतं. फार वाटतं.

तुमचीच,
विजयमाला