शटरखालची अर्धी वीट

प्रिय कुंदा,

पत्राचे कारण आधी सांगते, आणि क्रमाने सांगते. तुझ्यासारखी मधूनच सुरुवात करणे मला जमत नाही.

तू फाल्गुनात गेलीस. वैशाखात मी गॅरेजच्या शटरचे काम काढले. रंगाऱ्याच्या डोक्यावर उभी राहून जुना रंग खरवडून घेतला, तांबडा प्रायमर दिला, त्यावर ऑइलपेंटचे दोन हात देववले. खाली रबराची पट्टी बसवली, दोन्ही बाजूंच्या खाचांना केसाळ ब्रशच्या पट्ट्या लावून घेतल्या, वरची फट सिलिकॉनने बुजवली. मृग लागण्याआधी शटर खाली ओढले आणि कुलूप घातले. ओल आत शिरायला केसाएवढीही वाट ठेवली नाही. गेल्या मंगळवारी तुझ्या गाडीचे कागद काढायला म्हणून शटर उघडायला गेले, तर ते हलेना. बुधवारी कारागीर आला. ते आतून सडले आहे, असे त्याने सांगितले. सोमवारी तो हत्यारे घेऊन येणार आहे. शटर पुरते कापून नवे बसवायचे की जुनेच दुरुस्त करायचे, ते उद्या संध्याकाळपर्यंत त्याला कळवायचे आहे.

वस्तुस्थिती एवढीच. यात चूक कोणाची, हे मी चार दिवस शोधत होते. आता सापडली आहे; म्हणून हे पत्र.

आपल्या घरात तक्रार लेखी करायची, हा नियम माझाच. फ्रिजवर सूचनांची रांग असे, आठवते? सुवाच्य अक्षरात, तारीख घालून. ‘शटर पूर्ण खाली ओढावे. फट ठेवू नये.’ ‘मिठाच्या बरणीत बोट घालू नये. चमचा वापरावा.’ या दोन सूचना तर मी दरवर्षी नव्या कागदावर लिहीत आले. आणि त्यांच्याखाली दरवर्षी तुझा पेन्सिलीने लिहिलेला तो एकच शब्द: ‘बरं.’ पुढे पूर्णविराम! आणि मग दुपारी शटरखाली पुन्हा तुझी ती अर्धी वीट, आणि सकाळी बरणीत पुन्हा तुझे ते बोट. या ‘बरं’चा मला किती संताप येई, याची तुला कल्पना होती का? असावी. म्हणूनच पूर्णविराम देत होतीस.

त्या विटेवरून आपण किती वर्षे भांडलो? मी म्हणत असे की चार बोटांची ही फट म्हणजे उंदीर, विंचू आणि पावसाची झड यांना घरी बोलावणे आहे. तू म्हणायचीस, झड यायच्या दिवशी मी बंद ठेवते ना. आणि खरोखरच काही दिवशी शटर बंद असे, काही दिवशी उघडे. त्यात मला कसलाही नियम दिसेना. एकदा मी तुला सरळ विचारले, की आजचा दिवस कोणता, हे तुला कशावरून कळते?

“कळतं, अक्का.”

अडतीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. ‘कळतं’ हे उत्तर मी एकाही विद्यार्थ्याकडून स्वीकारले नाही. तुझ्याकडून का स्वीकारावे? मी तो तुझा लहरीपणा समजले. आणखी एक प्रश्न मात्र विचारला नाही. विचारायला हवा होता.

कारागिराचे नाव रफिकभाई, जुन्या नाशकातले. वयस्क, मितभाषी, हत्यारे पुसून ठेवणारा माणूस. तुला आवडला असता. पहारीने रेटून त्यांनी शटर गुडघ्याइतके वर केले, विजेरी घेऊन आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग मला वाकायला सांगितले. माझे गुडघे तुला माहीत आहेत, तरी वाकले.

कुंदा, आतल्या बाजूने प्रत्येक पट्टीच्या दुमडीत पाण्याचे थेंब ओळीने लटकत होते. बाहेर ऊन होते! खालच्या सहा पट्ट्यांचा तर चुरा झाला होता. बोट लावले की गंज गळायचा. गाडीच्या काचा आतून धुरकट झाल्या होत्या आणि स्टिअरिंगवर हिरवट बुरशी चढली होती. चाक तू जिथे धरायचीस, तिथे आवरण झिजून गुळगुळीत झालेले होते ना? तिथे सर्वांत जास्त.

“बाहेरून शोरूम वाटतंय, मॅडम,” रफिकभाई म्हणाले. “आतून पापड झालाय. आधी बंदच असायचं का हे?”

मी सांगितले की नाही, माझी धाकटी बहीण निष्काळजी होती, अर्धवट उघडे टाकायची.

“किती वर्षं?”

“सव्वीस.”

“मग त्यांनीच टिकवलं म्हणायचं.”

ते टोचून बोलले नाहीत, हे मी मान्य करते. शटरकडे पाहत सहज म्हणाले. म्हणून जास्त लागले.

कारण मला तिथेच उमगले होते. पावसाळाभर फरशीतून ओल वर येत राहते. ती बाहेर जायला मी वाट ठेवली नव्हती. पहाटे पत्रा गार पडला की तीच वाफ त्याच्यावर पाणी होऊन बसे, दिवसभर वाळत नसे आणि दुसऱ्या पहाटे त्यात भर पडे. हा धडा मी अडतीस वर्षे फळ्यावर आकृती काढून शिकवला. गार पेल्याच्या बाहेर पाणी का जमते, सांगा पाहू! आणि स्वतःच्या घरी असा पेला मी बांधून ठेवला, तोही स्वच्छ, रंगवलेला, चहूबाजूंनी बुजवलेला.

तरीही माझी एक शंका उरली होती. नाशकात पावसाळ्यात बाहेरची हवा तरी कुठे कोरडी असते? नुसती फट ठेवून भागले नसते. भलत्या दिवशी उघडले असते, तर बाहेरचीच ओल आत आली असती. उघडायचा दिवस निवडावा लागतो. तो तू सव्वीस वर्षे बिनचूक कशी निवडलीस? मी हे रफिकभाईंना मोठ्याने विचारत होते, आणि शोभा भांडी आटोपून चहा घेऊन दारात उभी होती.

“मिठावरनं,” शोभा म्हणाली.

मी तिला पुन्हा सांगायला लावले.

“धाकल्या ताई रोज सकाळी बरणीत बोट घालायच्या. मीठ चिकटलं का म्हनायच्या, शोभा, आज दार नाय उघडायचं. सुटं निघालं का वीट लावायला सांगायच्या. लय वर्सं झाली.”

मग इतके महिने मला का सांगितले नाहीस, असे मी जरा तीव्र स्वरात विचारले. तिने स्वयंपाकघराकडे, फ्रिजवरच्या कागदाच्या दिशेने, हात केला. “तुमी लिवलं व्हतं ना, मोठ्या ताई. फट ठेवायची नाय. मंग तुमाला कोन सांगनार?”

मी चहा घेतला नाही. स्वयंपाकघरात गेले.

चिनी मातीची ती बरणी तू गेल्यावर मी माळ्यावर टाकली होती. जाडे मीठ काढून टाकले, त्या जागी बारीक, सुटे राहणारे मीठ आणले आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरले. ते मीठ बोटाला कधी चिकटणार नाही, भर आषाढातही नाही. म्हणजे पाहा: एक तर मी दार बुजवले, आणि ते केव्हा उघडायचे हे सांगणारे एकमेव साधनही मोडीत काढले. तुझ्या दोन खोडी म्हणून ज्यांवर वर्षानुवर्षे दोन स्वतंत्र सूचना लिहिल्या, त्या एकच काम होत्या. दोन्ही कागद शेजारी शेजारी लावलेले होते, कुंदा. मी ते कधी एकत्र वाचले नाहीत.

ओझरच्या कारखान्याच्या भांडारात तू तीस वर्षे नोकरी केलीस. तिथे दिवसभर नेमके काय करतेस, हे मी कधी विचारले होते का? लोक विचारत तेव्हा मी ‘धाकटी कारखान्यात कारकून आहे’ एवढेच सांगत असे, आणि विषय माझ्या महाविद्यालयाकडे वळवत असे. एकदा तू एक पुडी घरी आणली होतीस. सुट्या भागांच्या पेटीत ठेवायची पुडी. आतले दाणे कोरडे असताना निळे, ओल लागली की गुलाबी. “अक्का, बघ ना, सकाळी निळी होती!” चेहरा किती फुलला होता तुझा. मी त्या क्षाराचे रासायनिक नाव सांगितले, तुझा उच्चार दोनदा सुधारला आणि पेपर तपासायला बसले. लोखंडाला ओलीपासून सांभाळणे हेच तुझे आयुष्यभराचे काम होते, हे मला परवा, एका शटरमुळे, कळावे?

आणि रुग्णालयातला तो दिवस. तू स्वच्छ शब्दांत सांगितले होतेस, अर्थ लावायलाही जागा ठेवली नव्हतीस. “अक्का, पावसात शटर कोंडू नकोस. शोभाला सगळं माहीत आहे.” मी काय उत्तर दिले, ते मला शब्दशः पाठ आहे. मी म्हणाले, “कुंदा, हा विषय आपण पूर्वीच निकालात काढला आहे.” तू थोडे हसलीस. त्या दिवशी तू ‘बरं’ म्हणाली नाहीस. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. तूही एकदा हट्ट का धरला नाहीस? एकदा माझ्यावर ओरडली असतीस, तर मी ऐकले नसते, पण लक्षात तरी राहिले असते!

थकले आहे मी. घरात वाद घालायला कोणी नाही. सहा महिने प्रत्येक वाद मीच जिंकते आहे, आणि संध्याकाळी बसायला बळ उरत नाही.

असो. निर्णय झाला आहे. विजेवर चालणारे, पूर्ण बंदिस्त नवे शटर रफिकभाईंनी आधी सुचवले होते. ते मी नाकारते आहे. सहा पट्ट्या बदलतील, गंज घासून आतल्या बाजूलाही प्रायमर लागेल, वरचे सिलिकॉन निघून तिथे जाळी बसेल. रबराची पट्टी जाईल. गाडी पुसून, वाळवून, शोभाच्या जावयाकडून आठवड्यातून एकदा बाहेर फिरवली जाईल. आणि तुझी वीट? ती मी फेकायला सांगितली होती. शोभाने धुण्याच्या दगडामागे लपवून ठेवली होती. माझ्या सूचनेचे ते सरळ उल्लंघन आहे. वीट मी शटरपाशी आणून ठेवली आहे.

बरणी माळ्यावरून काढली आहे. पंचवटीतून जाडे मीठ आणवले. आज सकाळी, हात धुऊन आणि पुसून, मी त्यात बोट घातले. काही खडे चिकटले, काही गळून पडले. शोभा म्हणाली, उघडा. मला विचारशील, तर मला काहीच कळले नाही.

तरी वचन देते. पावसाळा असेल तितके दिवस, मी आहे तोवर, रोज सकाळी हे बोट बरणीत जाईल, आणि शोभा सांगेल तेव्हा वीट लागेल, माझे मत काहीही असो. फ्रिजवरच्या दोन्ही कागदांवरची माझी वाक्ये मी रेघ मारून खोडली आहेत. खालचे तुझे शब्द तसेच ठेवले आहेत.

एक खुलासा मात्र तुझ्याकडूनच हवा. बोटाला किती खडे चिकटले की दार बंद ठेवायचे? आणि बोट किती वेळ आत ठेवायचे? याचे उत्तर मला लेखी हवे आहे. नुसते ‘बरं’ लिहिलेस, तरी या वेळी ते मी उत्तर म्हणून दाखल करून घेईन.

तुझी,
अक्का