नंदाअक्काच्या गोळ्या

तळेगाव दाभाडे,
ता. १४ डिसेंबर १९३८

ती. दादा यांस,

मुक्ताचा साष्टांग नमस्कार. इकडे थंडी बरीच आहे. शाळेची तपासणी पार पडली. गावी औंढ्याला भाताची मळणी आटोपल्याचे हौशीरामकाका सांगत होते.

आणखीही एक गोष्ट त्यांनी सांगितली. मी नंदाअक्काला पुण्याला नेऊन तिचे रक्त काढू दिले, म्हणून ती गेली, हे तुम्ही भावकीत सांगत फिरता. म्हणून लिहायला बसले.

बोटातून एक थेंब घेतला होता, दादा.

श्रावणात तुमच्या लोणावळ्याच्या खानावळीतून ती माझ्याकडे आली ती तापाने फणफणलेली. घशात फोड, थुंकीही गिळवेना. पुण्याच्या डॉक्टरांनी तो थेंब काचेवर घेऊन यंत्राखाली पाहिला. म्हणाले, "रोगाशी झुंजणारे पांढरे कण हिच्या रक्तात जवळजवळ उरलेच नाहीत." हिवताप होता का, विषमज्वर होता का, पोटभर जेवते का, सगळे विचारले. मग, "औषध काही घेते?"

अक्काने पदराची गाठ सोडली. तुम्ही आणून दिलेल्या सांधेदुखीच्या गोळ्या. बोटे सुजली की एक घ्यायची आणि पुन्हा भाकऱ्या थापायच्या.

"ही गोळी एखाद्याचे पांढरे कण संपवते," डॉक्टर म्हणाले. "हिने पुन्हा एकही घ्यायची नाही."

गोळी सुटली, ताप उतरला. अक्का पेज पिऊ लागली, हसू लागली. मला वाटले, वाचली.

दिवाळीआधी तुम्ही न्यायला आलात. स्टेशनावर मी सगळे सांगितले, तर तुम्ही हसलात. "रगतात कसलं पांढरं? रगत तांबडंच असतंय. तू लय शिकलीस, मुक्ते."

अक्काने माझा हात दाबला. "दादाला बोलू नगं. त्याच्याच दारात ऱ्हायाचं हाय मला."

मी तिला गाडीत बसवून दिले. गाडी गेली.

दिवाळीत खानावळ पाहुण्यांनी भरली आणि तिची बोटे वळेनात. पुढचे तिनेच मला सांगितले, मी लोणावळ्याला आले तेव्हा तुमच्या माजघरात, आवाज बसलेला असताना. "म्या नगं म्हनलं. दादा म्हनला, एका गोळीनं कोन मरतंय? कामाचा कंटाळा आलाय तुला. मग घेतली." दुपारी गोळी घेतली आणि दिवेलागणीला हुडहुडी भरली. त्यानंतर ती उठलीच नाही.

तुम्हाला ठाऊक नव्हते, असे म्हणायची सोय नाही. मी तोंडाने सांगितले होते.

वहिनींचा निरोप पोचला. स्वयंपाकाला हात कमी पडतात, तर नाताळच्या सुट्टीत मी यावे म्हणे. तिची चूल अजून निवालीही नसेल.

येणार नाही. रविवारी मी औंढ्याला जाणार आहे. भावकीला बसवून हे सारे असेच सांगणार आहे. तुम्हीही या. तुमच्या पाठीमागे बोलायची मला इच्छा नाही.

नंदाची बहीण,
मुक्ता