नेपाळची थर्ड पार्टी

२८ जानेवारी १९७४
आज आले: ताडपत्री एक, सोळा रुपये. मोटारीचे जुने टायर दोन, दोनशे दहा. सिंधूताईंची एक पाटली मोडून. घरातले सोने घरातच लागले. पशुपतिनाथासाठी चांदीचे बेलपान एक, अकरा.
यंदाची महाशिवरात्र काठमांडूला. मोटार हे चालवणार, कागदपत्रे माझ्याकडे. मिरचीच्या दुकानापायी यांची शाळा पाचवीत सुटली. मी मॅट्रिक.
सिंधूताई, म्हणजे यांची थोरली विधवा बहीण, आतापासूनच गाठोडे बांधून बसल्यात. काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, येत्या दिवाळीनंतर काही दिसायचे नाही.

३१ जानेवारी
रामदासपेठेत विम्याचे एजंट वामनराव यांच्याकडे गेले. म्हणाले, तुमचा विमा सीमेपर्यंतच. नेपाळात थर्ड पार्टी वेगळी काढा, अठ्ठ्याऐंशी रुपये पडतील.
अठ्ठ्याऐंशी! घरी येऊन बोटांवर मोजले. फर्स्ट पार्टी हे. सेकंड मी. थर्ड सिंधूताई.

२ फेब्रुवारी
खात्री केलेली बरी. वामनराव बाजारात भेटले तेव्हा विचारले, आमची थर्ड पार्टी आलीच नाही तर? मनापासून हसले. म्हणाले, वहिनी, तुमच्या तोंडात साखर पडो! मोटारवाल्यानं देवाले हेच मागावं, का थर्ड पार्टी न येवो.
एजंट असून इतका सरळ माणूस! देवच बोलला म्हणायचे.

५ फेब्रुवारी
सिंधूताईंना गोडीत सांगितले. म्हणाल्या, काहून वं प्रेमिला, माह्या पाटलीचे टायर जाऊन राहिले अन् मीच घरी? मी समजावले की घर राखायला कोणीतरी हवे. भक्ती असली की जागेवरून हात जोडले तरी पोचतात. त्या म्हणाल्या, मग तूच जोड ना वं जागेवरून.
वयाने जिभेवर ताबा राहत नाही. संकल्प: यात्रा होईपर्यंत कोणाचे मन दुखवायचे नाही.
यांना सांगितले, ताईंनीच नको म्हटले.

१४ फेब्रुवारी
निघालो. सिंधूताईंच्या जागेवर भिवापुरी मिरचीचे पोते बसवले. रक्सौलला भाव चांगला म्हणतात. ताईंनी हातात एक रुद्राक्ष दिला, देवाले वाहजो म्हणाल्या. फाटकाशी उभ्या राहून बराच वेळ हात हलवत होत्या. मोटार दुसऱ्या बाजूला होती.

१८ फेब्रुवारी, रक्सौल
सीमेवरच्या साहेबाने थर्ड पार्टी मागितली. मी ठसक्यात हिंदीत सांगितले, ती नागपूरला ठेवली आहे, घर सांभाळते. त्याचा चहा सांडला. मग म्हणाला, माताजी, थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या मोटारीखाली येणारा माणूस.
साध्या गोष्टीला असली नावे देणाऱ्यांना देव बघून घेईल. साहेबाने मोटार सीमेवरूनच परत फिरवली.
यांनी विचारले, मग ताई काहून नाही आली? यात्रेत खोटे बोलू नये. सगळे सांगितले. हे जेवले नाहीत. तेवढीच पुरी वाचली.

२० फेब्रुवारी, महाशिवरात्र, दुपारी
यात्रेच्या बसमध्ये एकच जागा होती. हे काल ताईंचा रुद्राक्ष घेऊन गेले. जाताना म्हणाले, मोटार राखाले कोणी पाहिजे. तू जागेवरूनच जोड हात.
चांदीचे बेलपान माझ्याजवळच राहिले. पोते उसवले आहे. शिंकत शिंकत उपवास चालू. देव परीक्षा घेतो आहे, मी पास होते आहे. ताईंना पत्र टाकले. नक्कल:

ती. सिंधूताईंस शि. सा. नमस्कार. थर्ड पार्टी तुम्ही नव्हता, असे येथे आल्यावर कळले. गैरसमज नसावा. दुसरी पाटली मोडून वामनरावांकडून नेपाळचा कागद काढावा व रजिस्टरने पाठवावा, म्हणजे मला तरी दर्शन होईल. तुम्हाला पुढच्या वर्षी नक्की नेऊ. तोवर डोळ्यांना किती दिसेल, ते डॉक्टरांना विचारून उलट टपाली कळवावे.